घोडनदीपर्यंत आलेली भरती

शिरूरच्या कडेने घोडनदी वाहते, दौंडच्या कडेने भीमा. दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि मुंबईच्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघतात. मुंबई बंदर इथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, आणि मध्ये घाटाची भिंत. गोदी, गलबत, भरती-ओहोटी या शब्दांशी या जिराईत माळाचं काही नातं असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

पण या दोन तालुक्यांतल्या जुन्या खुणा पाहत निघालं की वेगळंच लक्षात येतं. शिरूरमधली एका गोऱ्या कर्नलची कबर, कोरेगावापलीकडचा दगडी स्तंभ, करड्याचं शिवार, दौंडचं जंक्शन, पिंपळगावजवळचा माटोबा तलाव, केडगावचं मुक्ती मिशन. यांतली एकही खूण काचेच्या कपाटात नाही. त्या नदीकाठी, बांधावर आणि फलाटावर उघड्यावर उभ्या आहेत. प्रत्येकीच्या मुळाशी गेलं की वाट बंदरावर पोहोचते. १८०२ ते १८९८ या काळात मुंबईच्या धक्क्यावर जे उतरलं आणि तिथून जे जहाजावर चढलं, त्याची किंमत इथल्या गावांनी मोजली. ती कशी, हे सांगणं हाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात किनाऱ्यावरच झाली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला आणि सुवर्णदुर्गाहून समुद्रमार्गे वसईला पोहोचला. तिथे ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. ईस्ट इंडिया कंपनीची निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्याने आपल्या मुलखात ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, अशी त्याची मुख्य कलमं. सही वसईला झाली, पण फौजेसाठी जागा लागली ती देशावर. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्लीने नगरचा किल्ला घेतला. पुण्यावर नजर राहील आणि नगरलाही लवकर पोहोचता येईल, अशा ठिकाणी तळ हवा होता. पुणे-नगर वाटेवरचं, नदीकाठचं शिरूर त्यासाठी सोयीचं ठरलं. घोडनदीच्या काठी छावणी पडली.

या छावणीचा एक सेनापती होता कर्नल विल्यम वॉलेस. असईच्या लढाईत तो वेल्स्लीच्या हाताखाली लढला होता. पुढे पुण्याच्या तैनाती फौजेचा प्रमुख म्हणून तो शिरूरला राहिला आणि १८०९ मध्ये इथेच वारला. परक्या मुलखात मेलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कबरी हिंदुस्थानभर आहेत आणि बहुतेकांवर गवत माजलं आहे. वॉलेसच्या कबरीचं तसं झालं नाही. त्याच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी, १८८५ मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने एक विलक्षण नोंद केली आहे. शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक वॉलेसला ‘सत्पुरुष’ म्हणत, त्याच्या कबरीला पुजत, आणि सुगीला नव्या धान्याचा पहिला नैवेद्य तिथे ठेवत.

ही नोंद वाचून नुसतं आश्चर्य वाटून घेणं पुरेसं नाही. ज्या सत्तेने पेशवाई गिळली तिचा हा अधिकारी, आणि त्याला नैवेद्य दाखवणारे लोक इथले शेतकरी. इतिहासाच्या पुस्तकात ही माणसं समोरासमोरच्या बाजूंना उभी असतात. गावाचा हिशेब मात्र वेगळा असतो. आपल्या मातीत मिसळला तो आपल्या शिवारातला झाला, त्याचा मान ठेवायचा, त्याचा कोप होऊ द्यायचा नाही. वेताळ, म्हसोबा, पीर यांना जी जागा मिळते तीच जागा गावाने या परक्याला दिली. शिरूरला जाणाऱ्याने ही कबर आधी पाहावी. जेत्यांनी उभारलेली स्मारकं पुष्कळ असतात. जिंकल्या गेलेल्यांनी स्वतःहून जपलेलं जेत्याचं थडगं क्वचितच दिसतं.

पुढची खूण आहे नगर रस्त्यावर, शिरूरहून पुण्याकडे सुमारे ४० किलोमीटरवर. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह होऊन पेशव्यांच्या खर्चाने एक घोडदळ उभं राहिलं. हा रिसाला ‘पूना ऑक्झिलिअरी हॉर्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि पुढे बराच काळ त्याचं ठाणं शिरूरलाच होतं. ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईहून गोरी पलटण घाट चढून खडकीला आली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. शिरूरची फौज घेऊन जनरल स्मिथ पुण्यावर चालून आला आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाडा इंग्रजांच्या ताब्यात गेला. स्मिथ बाजीरावाच्या पाठलागावर निघाला. फिरत फिरत बाजीराव वर्षअखेरीला पुन्हा पुण्याच्या रोखाने आला, तेव्हा पुण्यात मागे राहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरकडे कुमक मागितली.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीच-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. रात्रभर चालून ही माणसं सकाळी कोरेगावजवळच्या उंचवट्यावर आली, तेव्हा भीमेपलीकडे पेशव्यांची हजारोंची फौज पसरलेली दिसली. पलटण गावात शिरली. दिवसभर गल्लीबोळांत आणि घराघरांत लढाई झाली. नदी हाकेच्या अंतरावर असताना लढणाऱ्यांना पाण्याचा घोट मिळत नव्हता. रात्री पेशव्यांची फौज मागे फिरली. स्टाँटनच्या ८३४ माणसांपैकी २७५ मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. उरलेली पलटण आपले जखमी घेऊन शिरूरला परतली.

२६ मार्च १८२१ रोजी या लढाईच्या स्तंभाचा पाया घातला गेला. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे, तर स्तंभ नदीच्या दुसऱ्या काठी, हवेली तालुक्यातल्या पेरण्याजवळ. इंग्रजांनी तो आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. पण त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ हा शेवट असलेली महार शिपायांची नावं पुष्कळ आहेत. उत्तर पेशवाईत ज्या माणसांना रस्त्याने मोकळं चालणंही मुश्किल होतं, त्यांची नावं दगडात कोरलेली पाहणं ही काय गोष्ट आहे, हे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले तेव्हा अवघ्या समाजाला उमगलं. तेव्हापासून दर १ जानेवारीला लोक इथे येतात, आता तर लाखोंनी. बंदरातून आलेल्या सत्तेने स्वतःसाठी उभारलेला हा दगड आता त्या शिपायांच्या वारसांचा झाला आहे. वॉलेसच्या कबरीच्या बाबतीत जे घडलं त्याच्याशी याचं नातं आहे. खूण कोणी उभारली यापेक्षा ती कोण जपतं, यावरून तिचा अर्थ ठरतो.

शिरूरच्या त्या रिसाल्याची परंपरा आजही चालू आहे. भारतीय लष्करातली पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट त्याच वंशातली. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या तिच्या दोन वीरांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. घोडनदीच्या काठी परक्यांच्या रिसाल्यात सुरू झालेली भरती अखेर आपल्याच सीमा राखण्याच्या कामी आली.

पेशवाई संपली. तलवारीचा काळ मागे पडला आणि रुळांचा काळ आला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली. १८५८ मध्ये पुण्याहून दौंडवरून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत रूळ पोहोचले. बोरघाटातला मार्ग अजून तयार नव्हता, त्यामुळे काही वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखीतून किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरत. १८६३ मध्ये घाटही जोडला गेला आणि दौंडचा फलाट थेट मुंबईच्या गोदीशी बांधला गेला. घाट चढायला बैलांना लागणारे दिवस आता तासांवर आले.

नेमक्या त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला युद्ध पेटलं होतं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीमुळे विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मुंबई बंदरात कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा मुंबईच्या पेढ्यांतून निघून सावकारांच्या हातून थेट खेड्यांपर्यंत आला. कालपर्यंत दहा रुपयांसाठी दारात बसवणारा सावकार आता घरी येऊन उचल देऊ लागला. युद्ध संपलं, अमेरिकन कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला, मुंबईचा भाव कोसळला. भरती ओसरली. शेतकऱ्याकडे उरले ते सावकाराच्या वहीतले आकडे. त्यातच तीस वर्षांपूर्वीची सारा आकारणी संपली आणि १८६७ पासून नव्या आकारणीत सारा भरमसाट वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरता मर्यादित केला होता. कुणब्याला दिलासा मिळावा हा त्यामागचा उद्देश. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला आणि वाचता न येणारा माणूस त्याच्यावर अंगठा उठवू लागला.

शिरूरजवळच्या करड्यात १८७४ च्या डिसेंबरमध्ये ठिणगी पडली. बाबासाहेब देशमुख यांच्याकडे दीडशे रुपयांचं येणं होतं. काळूराम नावाच्या सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला सुरुवात केली. गाव एक झाला. सावकारांना वाळीत टाकलं गेलं. त्यांची शेती कसायची नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही, दुकानातून काही घ्यायचं नाही. हे वारं गावोगाव पसरलं. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरांतून वह्या आणि रोखे बाहेर काढून जाळले. आजचा दौंडचा बराच भाग त्याच जुन्या भीमथडीत होता. दंगा शिरूर आणि नगरच्या गावांत पोहोचला.

दंगेकऱ्यांच्या रागाचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. माणसं मारण्यापेक्षा लोकांना कागद हवे होते. रोखा दिला तर बहुतेक ठिकाणी सावकाराला सोडून दिलं जाई. आपल्या गुलामीचं मूळ त्या कागदात आहे हे अक्षरशत्रू माणसांनी अचूक ओळखलं होतं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. करड्याला आज पाहण्यासारखं काही नाही, असं कुणी म्हणेल. पण शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न ज्याला मनापासून समजून घ्यायचा आहे, त्याने एकदा तिथल्या बांधावर उभं राहावं.

दंग्याचा धूर विरतो न विरतो तोच १८७६ चा पाऊस बुडाला. पुढचा दुष्काळ १८७८ पर्यंत चालला. तो मुंबई इलाख्यात, म्हैसूरमध्ये, मद्रास इलाख्यात माणसं गिळत होता आणि त्याच वेळी बंदरांतून गहू विलायतेला जात होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोहून कमी धान्य पुरेल, असा दुष्काळासाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांचा दंडक होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनी कामं बंद पाडली.

त्या उपाशी हातांनी केलेली कामं आजही वापरात आहेत. खडकवासल्याच्या पाण्यावरचा मुठा उजवा कालवा पाटसपर्यंत आला. पिंपळगावजवळचा माटोबा तलाव दुष्काळी कामातून बांधला गेला. आज दौंड तालुक्यात हिरवागार ऊस दिसतो, त्याच्या मुळाशी या पाण्याचा मोठा वाटा आहे. तलावाच्या भरावावर उभं राहून पाणी पाहताना, ही माती पाटीपाटीने वाहणाऱ्या बायका आणि पोरं किती खात होती, हे आठवावं.

दौंड-मनमाड लोहमार्गही त्याच काळातला, १८७८ चा. तोवर मुंबईहून निघणाऱ्या लोहमार्गाच्या दोन शाखा कल्याणला फुटून एक भुसावळकडे आणि दुसरी सोलापूरकडे जाई. दौंडहून भीमा ओलांडून नगरमार्गे मनमाडला गेलेल्या रुळांनी या दोन शाखा देशावरच जोडल्या. दौंड जंक्शन झालं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, हा खेळ प्रवाशांच्या कितीतरी पिढ्यांनी चहाचा कप हातात धरून पाहिला. अलीकडे कॉर्ड लाइनमुळे काही गाड्यांची ही उलटापालट वाचली आहे. जे दौंडने मिळवलं त्यातलं काही शिरूरने गमावलं. पुणे-नगर वाटेवरच्या बैलगाड्यांचा माल रुळांवर गेला आणि छावणीच्या जोरावर वाढलेल्या घोडनदीच्या बाजाराला दूरच्या मालाची वाट पाहावी लागली.

दुष्काळात होरपळलेला हा मुलूख पायी फिरून पाहिलेला एक कारकून पुण्यात होता. वासुदेव बळवंत फडके लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला. भुकेने मरणारी माणसं पाहून त्यांनी इंग्रज राज्य उलथून टाकायचा निश्चय केला आणि रामोशी साथीदार जमवले. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांचा पहिला छापा पडला तो शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. लूट फारशी हाती लागली नाही. जुलैमध्ये ते विजापूरच्या बाजूला पकडले गेले. जन्मठेपेची शिक्षा झाली आणि मुंबई बंदरातून त्यांना एडनच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच वारले. ज्या बंदरातून इथल्या मुलखाचं धान्य गेलं, त्याच बंदरातून त्या धान्यासाठी भांडणारा माणूसही गेला. तो परत आला नाही.

त्याच १८८३ मध्ये मुंबईहून एक तरुण विधवा विलायतेला जाणाऱ्या जहाजात बसली. ती परत आली, आणि तिने बांधलेलं घर आजही दौंड तालुक्यात उभं आहे.

पंडिता रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळला नव्हता. १८७४ मध्ये मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी भटकत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे त्यांच्या संस्कृत विद्वत्तेला ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. इंग्लंड आणि अमेरिकेत सहा वर्षं काढून १८८९ मध्ये त्या मुंबईत परतल्या आणि त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं.

१८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. त्याच वर्षी मुंबई बंदरालगतच्या मांडवीत प्लेगचा पहिला उद्रेक झाला आणि लवकरच तो पुण्यात आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ, विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या मुलींना पुण्यात ठेवता येईना. केडगावला लोहमार्गालगत त्यांनी आधीच घेतलेली जमीन होती. माळावर तात्पुरते निवारे उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या, आणि १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ नावाने घर उभं राहिलं. १९०० च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. मुली शेती करत, हातमागावर विणत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ भाषांतून मराठीत आणलेलं बायबलही तिथल्या मुलींनीच छापलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावलाच वारल्या. त्यांचं धर्मांतर तेव्हाच्या महाराष्ट्राला मानवलं नाही आणि त्यामुळे त्यांच्या कामाकडेही फार काळ नीट पाहिलं गेलं नाही. त्या वादाच्या पलीकडे जाऊन केडगावच्या आवारात उभं राहिलं की एवढंच जाणवतं: कुणालाच नको असलेल्या मुलींना इथे जागा मिळाली, आणि ती मागे घेतली गेली नाही.

आज नगर रस्त्याने जाताना रांजणगावच्या महागणपतीच्या पुढे कारखान्यांची रांग लागते आणि कंटेनरची वाहनं बंदराच्या दिशेने जाताना दिसतात. भरती-ओहोटी अजून थांबलेली नाही. म्हणून या खुणा पाहायच्या असतील तर क्रमाने पाहाव्यात. सकाळी पेरण्याचा स्तंभ आणि कोरेगाव, मग शिरूरची कबर आणि घोडनदीचा काठ, दुपारी करड्याचं शिवार, तिथून दौंडचा भीमेवरचा पूल, माटोबाचा तलाव, आणि दिवस कलताना केडगाव.

केडगावच्या फलाटावर थोडं थांबावं. समोरचे रूळ मुंबईला जातात. याच रुळांवरून सुगीचं धान्य बंदराकडे गेलं आणि मागे दुष्काळ राहिला. आणि याच रुळांवरून हाडांचे सापळे झालेल्या मुली इथे उतरल्या, गाडीतून खाली पाऊल ठेवलं, आणि कुणीतरी त्यांना भाकरी दिली.